मंगलोक्ती, लक्षणा आणि मांडणीची चौकट : वैधव्यविषयक मराठी शब्दांच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

घरातून बाहेर पडताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. देवापुढे नारळ फोडला, तरी तो 'वाढवला' असे म्हणण्याचा प्रघात आहे. देवाजवळचा दिवा 'विझवत' नाहीत, 'मालवतात'. सुवासिनीच्या हातातील बांगडी फुटली, तर ती 'वाढली'. रात्रीच्या वेळी सापाचे नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणतात, आणि सर्पदंश झाला तर 'पान लागले' असे सांगतात. मृत्यूची वार्ता 'देवाज्ञा झाली' या शब्दांत येते. अशुभाचा उच्चार टाळून त्याच्या जागी शुभ किंवा निदान निरुपद्रवी शब्द योजण्याच्या या रीतीला प्रस्तुत लेखात 'मंगलोक्ती' असे म्हटले आहे.

गेल्या चार-पाच दशकांत मानसशास्त्राने याच्याशी मिळताजुळता एक विषय वेगळ्या दिशेने हाताळला. एकच माहिती होकारार्थी शब्दांत सांगितली की ऐकणारा एक निवड करतो आणि नकारार्थी शब्दांत सांगितली की दुसरी, असे प्रयोगांनी दाखवून दिले. त्यामुळे संदेशाच्या होकारार्थी मांडणीचे सामर्थ्य हा जाहिरात, आरोग्यशिक्षण आणि शासनव्यवहार यांतील जिव्हाळ्याचा विषय बनला. या दोन गोष्टी वरवर एकसारख्या दिसतात. दोन्हींत कटू बाजू मागे सारली जाते आणि गोड बाजू पुढे येते. परंतु शब्दशक्तींच्या दृष्टीने पाहिले असता त्यांत मूलभूत भेद आहे, आणि होकारार्थी मांडणीचे बरेवाईट ठरवताना तो भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यासाठी मराठीतील वैधव्यविषयक शब्दांचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे. मंगलोक्तीची कोमलता आणि तिची क्रूरता या शब्दांत शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

१. मांडणीची चौकट : प्रयोगांतून काय दिसते?

अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील प्रमाणभूत प्रयोग मानला जातो. एका असाधारण साथीत 600 माणसे मरण पावतील अशी अपेक्षा आहे, असे गृहीत धरून दोन उपाययोजनांपैकी एक निवडावयाची होती. पहिल्या गटाला सांगितले की, पहिली योजना स्वीकारल्यास 200 माणसे वाचतील. दुसरी स्वीकारल्यास सर्व 600 वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि कोणीही न वाचण्याची शक्यता दोन-तृतीयांश आहे. या गटातील 72 टक्के लोकांनी पहिली, म्हणजे निश्चित फळाची योजना पसंत केली. दुसऱ्या गटाला त्याच योजना मृत्यूच्या भाषेत सांगितल्या. पहिल्या योजनेत 400 माणसे मरतील. दुसरीत कोणीही न मरण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि सर्व 600 मरण्याची शक्यता दोन-तृतीयांश. आता 78 टक्के लोकांनी दुसरी, म्हणजे अनिश्चित फळाची योजना निवडली. आकडे तेच होते. 'वाचतील' या क्रियापदाच्या जागी 'मरतील' हे क्रियापद आले, एवढाच फरक.

पुढल्याच वर्षी मॅकनील, पॉकर, सॉक्स आणि ट्वर्स्की यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावरील दोन उपचारांविषयी असाच प्रयोग केला. शस्त्रक्रियेच्या बाबतीत एका गटाला सांगितले की, 100 रुग्णांपैकी 90 जण शस्त्रक्रियेच्या काळातून सुखरूप पार पडतात, एका वर्षाअखेर 68 आणि पाच वर्षांअखेर 34 जण हयात असतात. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट 10, 32 आणि 66 मृत्यू अशा शब्दांत सांगितली. किरणोपचाराचे आकडेही त्याच दोन पद्धतींनी दिले. हयातीच्या भाषेत 18 टक्के लोकांनी किरणोपचार पसंत केला होता. मृत्यूच्या भाषेत हे प्रमाण 44 टक्क्यांवर गेले. उपचाराच्या काळातील दहा मृत्यूंचा स्पष्ट उल्लेख होताच शस्त्रक्रियेची भीती वाढली, हे उघड आहे. विशेष म्हणजे उत्तरे देणाऱ्यांत रुग्ण आणि विद्यार्थी यांच्याबरोबर डॉक्टरही होते, आणि त्यांच्यावरील परिणाम इतरांपेक्षा कमी नव्हता. विषयाचे ज्ञान हे मांडणीपासून संरक्षण देणारे कवच ठरले नाही.

मात्र या सामर्थ्याला मर्यादा आहेत. लेव्हिन आणि गेथ यांनी 1988 साली खिम्याचे वर्णन '75 टक्के चरबीविरहित' आणि '25 टक्के चरबीयुक्त' अशा दोन प्रकारे केले. पहिल्या वर्णनाचा खिमा लोकांना अधिक चांगला वाटला. पण तो प्रत्यक्ष चाखायला दिल्यावर दोन वर्णनांतील अंतर कमी झाले. जिभेला चव कळली की शब्दाची पकड सैल होते. तसेच होकारार्थी मांडणी सदैव सरस ठरते असेही नाही. मायरोविट्झ आणि चायकेन यांना 1987 साली, स्तनांची स्वतः तपासणी करण्याविषयीच्या पत्रकांत तपासणी न केल्याने होणारी हानी सांगणारे पत्रक अधिक परिणामकारक आढळले. पुढील काळातील आढाव्यांत मात्र आरोग्यसंदेशांच्या बाबतीत हा फरक अल्प असल्याचे दिसून आले.

२. मंगलोक्तीची शब्दशक्ती

संस्कृत साहित्यशास्त्राने अमंगलाच्या उच्चाराचा विचार दोषप्रकरणात केला आहे. मम्मटाने अश्लील या दोषाचे तीन प्रकार सांगितले : व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल यांची जाणीव करून देणारे. आज 'अश्लील' हा शब्द आपण पहिल्याच अर्थाशी जोडतो. परंतु अशुभसूचक शब्द हाही त्याच दोषात गणला जात होता, हे ध्यानात घेतल्यास मंगलोक्तीमागील सांस्कृतिक संकोच किती जुना आहे, याची कल्पना येते.

आता 'नारळ वाढवला' हे वाक्य घेऊ. नारळ वाढत नाही. तो फुटलेला समोर दिसतो. येथे मुख्यार्थाचा बाध होतो, आणि ऐकणारा 'फोडला' या अर्थाकडे वळतो. विरोधी अर्थाच्या संबंधाने आलेली ही लक्षणा आहे. रोजच्या वापराने ती रूढ झाली आहे. या शब्दाची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. धातुपाठात 'वर्ध' हा धातू छेदन आणि पूरण अशा दोन अर्थांनी येतो, आणि मनुस्मृतीत जातकर्माच्या संदर्भात 'वर्धन' हा शब्द नाळ कापण्याच्या अर्थाने आला आहे. म्हणजे 'वाढवणे' या प्रयोगात 'कापणे' हा जुना अर्थ अवशेषरूपाने टिकला असण्याची शक्यता आहे. तथापि आजच्या भाषकाच्या जाणिवेत तो अर्थ नाही. त्याच्या मनात वृद्धीचाच अर्थ आहे, आणि तो शुभ आहे म्हणूनच तो वापरला जातो. हिंदीत दुकान बंद करण्याला 'दुकान बढ़ाना' म्हणतात, तेथेही हीच जाणीव आहे.

मंगलोक्तीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात वस्तुस्थिती लपत नाही. 'येतो' म्हणणारा जात आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. 'देवाज्ञा झाली' हे ऐकून कोणी मृत्यूविषयी गाफील राहत नाही. मुख्यार्थाचा बाध हाच ऐकणाऱ्याला दिलेला इशारा असतो : येथे शब्द थांबवून अर्थाकडे पाहा. मंगलोक्ती माहिती बदलत नाही, ती माहितीला सौजन्याचे वस्त्र देते.

आता '100 पैकी 90 जण सुखरूप पार पडतात' हे वाक्य पाहू. येथे कोठेही मुख्यार्थाचा बाध नाही. वाक्य अभिधेनेच पूर्ण होते आणि ते शब्दशः खरे आहे. त्यामुळे उरलेल्या दहांकडे वळण्याचे कोणतेही भाषिक निमित्त ऐकणाऱ्याला मिळत नाही. मांडणीच्या चौकटीचे सामर्थ्य येथे आहे. मंगलोक्ती आपण मंगलोक्ती असल्याचे जाहीर करते. चौकट आपण चौकट असल्याचे सांगत नाही. धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा' या उक्तीला मराठीत म्हणीचे स्थान मिळाले, ते याच कारणाने. त्याने उच्चारलेला एकही शब्द खोटा नव्हता; पण द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवण्याचा निर्णय घेतला, तो अर्ध्याच वाक्याच्या आधारे.

३. 'वाढलेली' बांगडी आणि 'फोडलेल्या' बांगड्या

मंगलोक्ती सौजन्याचे वस्त्र देते, असे वर म्हटले. ते कोणाला दिले जाते, हा पुढला प्रश्न आहे. सुवासिनीची एक बांगडी धुण्याच्या दगडावर आपटून फुटली, तरी ती 'वाढते'. गळ्यातील मंगळसूत्र तुटले तर तेही 'वाढते'. परंतु तिच्या पतीचे निधन झाले की त्याच हातातील बांगड्यांसाठी भाषा सरळ 'फोडणे' हे क्रियापद वापरते. कुंकू 'पुसले' जाते, मंगळसूत्र 'तोडले' जाते. अपघाताने फुटलेल्या काचेला जपणारी भाषा, मुद्दाम फोडलेल्या काचेच्या वेळी आपले सारे मार्दव विसरते. मंगलोक्तीचे संरक्षण स्त्रीला नव्हते, तिच्या सौभाग्याला होते, हे या एका क्रियापदावरून स्पष्ट व्हावे.

याच्या उलट, ज्या कृतीची लाज समाजाला वाटावयास हवी होती, तिला मात्र भाषेने पवित्र शब्द दिला. विधवेचे केशवपन झाले की ती 'सोवळी' झाली, असे म्हणत. 'सोवळे' या शब्दाभोवती देवपूजा, शुचिता आणि धूतवस्त्र यांचे वलय आहे. न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बसवलेल्या मुलीच्या अनुभवाला हा शब्द लावल्यावर तिचा आक्रोश ऐकू येईनासा होतो. राहते ते केवळ पावित्र्य. येथे मुख्यार्थाचा बाध होतो काय? ऐकणाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक असल्याने माहितीच्या पातळीवर काही लपत नाही. पण मूल्याच्या पातळीवर 'सोवळी' हा शब्द मांडणीच्या चौकटीचेच काम करतो. हानीची गोष्ट लाभाच्या रकान्यात नोंदवली जाते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याने ही चौकट मोडण्याचे कार्य केले. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (1857) या कादंबरीच्या पर्यायी नावात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असा सरळ उल्लेख आहे. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' (1882) या निबंधात सौभाग्य आणि वैधव्य यांचे नियम केवळ स्त्रीलाच का, असा जाब पुरुषांना विचारला. ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत केशवपनाचा प्रसंग यमूच्या स्वतःच्या कथनातून येतो. 'सोवळी झाली' हे बाहेरून पाहणाऱ्याचे वाक्य आहे. जिच्यावर तो प्रसंग गुदरला, तिच्या निवेदनात ते वाक्य टिकू शकत नाही. खिमा चाखल्यावर लेबलाची पकड सैल व्हावी, तसे काहीसे येथे घडते. प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला अनुभवाची चव देते, आणि शब्दाची चौकट आपोआप निखळते. वास्तववादी कादंबरीच्या सामाजिक कार्याचे हे एक स्पष्टीकरण मानता येईल.

४. 'उत्तेजक' की 'प्रतिबंधनिवारक'?

होकारार्थी मांडणी नेहमीच अधिक स्वीकारार्ह असते, या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण याच चळवळीच्या इतिहासात सापडते. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली स्वतः विधवेशी विवाह केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वर्धा येथे 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन झाली. 1895 साली या संस्थेचे नाव बदलून 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' असे करण्यात आले. पहिले नाव होकारार्थी होते आणि सुटसुटीतही होते. दुसरे नाव लांब, जड आणि दुहेरी नकाराचे. तरीही बदल झाला.

या दोन नावांच्या अर्थाची तुलना उद्बोधक आहे. 'उत्तेजक' या शब्दाने विधवेला विवाहासाठी उद्युक्त केले जात आहे, असे चित्र उभे राहते. संस्था चिथावणारी ठरते, आणि विधवा चिथावली जाणारी. 'प्रतिबंधनिवारक' या शब्दात विवाहाची इच्छा त्या स्त्रीचीच राहते. संस्था केवळ मार्गातील अडथळा दूर करते. दोष विधवेच्या इच्छेकडून समाजाच्या प्रतिबंधाकडे सरकतो. 1856 च्या कायद्याचे पूर्ण नावही हिंदू विधवांच्या विवाहातील कायदेशीर अडथळे दूर करण्यासाठीचा कायदा असेच होते. कोणावरही सक्ती नाही, केवळ बंदी उठत आहे, ही मांडणी त्या काळच्या सावध मनाला अधिक मानवणारी होती, असे अनुमान करता येते.

1896 साली कर्वे यांनी विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे नाव 'अनाथ बालिकाश्रम' असे होते. त्यात 'विधवा' हा शब्दच नाही. आश्रमात येणारी मुलगी 'बालिका' आहे, हे सांगून तिच्या वयाकडे लक्ष वेधले गेले. समाजाने जिला 'सोवळी' म्हणून प्रौढ केले होते, तिला या नावाने तिचे बालपण परत दिले. येथेही एक बाजू झाकली गेली. पण झाकण्याने जिचा लाभ झाला, ती बोलणाराची नव्हे, त्या मुलीची बाजू होती. म्हणून मांडणी होकारार्थी की नकारार्थी, यापेक्षा तिने वाचकाची दृष्टी कोठे नेली आणि कोणाच्या हितासाठी नेली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

५. नाव देणारा आणि नाव घेणारा

दुसऱ्याला गोड नाव देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला मराठी मुलुखातील सार्वजनिक जीवनात 1938 साली ठोस उत्तर मिळाले. मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांसंबंधीच्या दुरुस्ती विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द योजला होता. भाऊराव गायकवाड यांनी त्यावर हरकत घेतली. अस्पृश्य जर देवाचे लोक, तर स्पृश्य कोणाचे, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. हरकत मान्य न झाल्याने डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले.

व्याकरणाच्या दृष्टीने या शब्दांकडे पाहणे उपयुक्त आहे. 'अस्पृश्य' या शब्दात स्पर्श न करण्याची योग्यता त्या माणसाच्या ठायी असल्याचे मानले जाते. 'हरिजन' हा तत्पुरुष समास असून त्यात कोणतीही क्रिया नाही, म्हणून कर्ताही नाही. याउलट 'बहिष्कृत' आणि 'दलित' ही भूतकालवाचक कर्मणी धातुसाधिते आहेत. ती उच्चारताच कोणी बहिष्कृत केले, कोणी दळले, हा प्रश्न मागोमाग येतो. बाबासाहेबांनी 1924 साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि 1927 साली 'बहिष्कृत भारत' ही नावे निवडली. पुढे साहित्याने 'दलित' हे विशेषण अभिमानाने धारण केले. नकारार्थी शब्दाची ही निवड आत्मनिंदेची नव्हती. कर्त्याला वाक्यात परत आणणारी ती निवड होती.

वैधव्याच्या बाबतीत हाच वाद अलीकडे पुन्हा उद्भवला. पत्रिकांतून विधवेच्या नावामागे 'गं. भा.' म्हणजे 'गंगाभागीरथी' लावण्याची जुनी प्रथा आहे. पत्नीच्या निधनानंतर पुरुषाच्या नावामागील 'श्री.' मात्र 'श्री.' च राहतो. एप्रिल 2023 मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द योजण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी पुढे केला, तेव्हा त्यावर तीव्र टीका झाली आणि निर्णय झालेला नसल्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले. गंगेचे पावित्र्य अंगावर घेतलेल्या स्त्रीची वैधव्याची ओळख त्यामुळे पुसली जात नाही. उलट प्रत्येक वेळी नव्याने उच्चारली जाते.

त्याआधी, मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या कृतींचा नावानिशी उल्लेख करून त्या थांबवण्याचे आवाहन गावाने केले, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सुचवले. येथे नवे गोड नाव कोणी दिले नाही. क्रियापदे होती तशीच उच्चारली, आणि ती क्रिया बंद करण्याचे ठरवले. शब्द बदलणे आणि कृती बदलणे यांतील अंतर या दोन घटनांच्या तुलनेतून दिसते.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मंगलोक्ती आणि मांडणीची चौकट यांत शब्दशक्तीचा भेद आहे. मंगलोक्ती लक्षणेच्या आधारे चालते आणि ऐकणाऱ्याला वस्तुस्थितीपर्यंत पोहोचवते. चौकट अभिधेतच पूर्ण होते आणि दुसरी बाजू शोधण्याचे निमित्त देत नाही. म्हणून निर्णयाच्या प्रसंगी, विशेषतः रुग्णाची संमती घेताना, 90 आणि 10 हे दोन्ही आकडे सांगणे हे सांगणाऱ्याचे कर्तव्य ठरते. धीर देण्यासाठी कोणता आकडा आधी उच्चारावा, याचे स्वातंत्र्य त्याला आहे. दुसरा गाळण्याचे नाही.

दुसरी, काही शब्द माहिती न लपवता मूल्य लपवतात. 'सोवळी' हा तसा शब्द होता. अशा शब्दांचा अर्थ कोशात पाहून उलगडत नाही. तो शब्द कोण कोणाविषयी वापरतो, आणि ज्याच्याविषयी वापरला त्याने तो स्वतःसाठी निवडला असता काय, हे विचारावे लागते.

तिसरी गोष्ट अध्यापनाविषयी आहे. लक्षणेचे प्रकार शिकवताना आपण पिढ्यान्‌पिढ्या गंगेवरील गवळीवाड्याचे उदाहरण देत आलो आहोत. ते उदाहरण निर्दोष आहे; परंतु विद्यार्थ्याच्या घरात रोज उच्चारला जाणारा 'वाढणे' हा धातू त्याच्यासमोर ठेवला, आणि आजीची बांगडी कधी 'वाढली' व कधी 'फोडली' गेली हे त्याला विचारले, तर शब्दशक्तीचा विचार परीक्षेच्या उत्तरापुरता राहणार नाही. साहित्यशास्त्राने घडवलेली ही जुनी उपकरणे आजच्या संदेशांची आणि निवडींची तपासणी करण्यास समर्थ आहेत. त्यांचा उपयोग करणे हे आपल्या विषयाचे काम आहे.